पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे लिहावे आणि तारे कसे द्यावेत : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला सगळे जण 'कसा आहे?' असे विचारतात, पण त्यांना खरे तर 'मी जाऊ का?' हे जाणून घ्यायचे असते. हौशी प्रेक्षकाचे मत या दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडले पाहिजे, ही या लेखामागची भूमिका आहे. व्यावसायिक समीक्षकाला त्या चित्रपटाचे दिग्दर्शकाच्या आधीच्या कामाशी, त्या प्रकारच्या इतर चित्रपटांशी असलेले नाते तपासायचे असते. आपल्यावर ती जबाबदारी नाही. आपण कोणत्या आवडीचे प्रेक्षक आहोत, काय पाहिले, कोणत्या परिस्थितीत पाहिले, काय वाटले आणि का वाटले, इतके नीट सांगितले की वाचणारा लिहिणाऱ्याच्या आवडीनिवडी वजा करून स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. तुम्हाला न आवडलेला चित्रपट तुमचेच मत वाचून एखाद्याने पाहायला जाणे आणि तो त्याला आवडणे, हे चांगल्या लेखनाचे लक्षण मानावे.

मराठी चित्रपटांच्या बाबतीत या साध्या मतांना अधिक वजन आहे. जाहिरातीसाठी पैसा कमी, खेळ मोजके, त्यांतले काही गैरसोयीच्या वेळेचे, आणि शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत प्रेक्षक आले नाहीत तर पुढच्या आठवड्यात उरलेले खेळही कमी होतात. अशा वेळी प्रेक्षकांनी एकमेकांना सांगणे हीच मुख्य प्रसिद्धी ठरते. ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेला, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला 'बाईपण भारी देवा' हा चित्रपट बायकांनी एकमेकींना सांगून, गट करून, ठरवून एकत्र जाऊन पाहिला, हे त्या पावसाळ्यात सगळ्यांनीच पाहिले आहे. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा ही गोष्ट कोणासाठी आहे, हे त्या बायकांनी एकमेकींना अचूक सांगितले होते.

चित्रपट पाहण्याआधी आणि पाहताना

मत लिहायचे ठरवले असेल तर चित्रपट पाहण्याआधी इतरांचे तारे आणि टक्के वाचू नयेत. साडेचार तारे मिळाले आहेत असे एकदा कानावर पडले की आपण ते साडेचार तारे पडद्यावर शोधत बसतो, आणि ते सापडले नाहीत की चित्रपट होता त्याहून वाईट वाटू लागतो. ट्रेलर मात्र पाहावा, कारण तुमच्या वाचकानेही बहुधा तोच पाहिलेला असतो. 'ट्रेलरमध्ये हा विनोदी वाटतो, प्रत्यक्षात उत्तरार्ध बराच गंभीर आहे' या एका वाक्याने तिकीट काढणाऱ्याची फसगत टळते.

चित्रपटगृहात मोबाइल काढून टिपणे घेऊ नयेत. मागच्या रांगेतल्या माणसाने अंधारासाठीही पैसे मोजलेले असतात. पडद्याचे चित्रीकरण तर कधीच करू नये. नायकाच्या प्रवेशाची किंवा गाजलेल्या गाण्याची अर्ध्या मिनिटाची फीत स्टेटसला ठेवणे अनेकांना निरुपद्रवी वाटते, परंतु सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात विनापरवाना चित्रीकरण करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला किमान ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. आपल्या आवडत्या चित्रपटाचे कौतुक करण्याचा हा मार्ग नव्हे.

पाहताना लक्ष ठेवावे ते स्वतःवर. घड्याळाकडे पहिल्यांदा कधी पाहिले, कोणत्या प्रसंगात शेजारी बसलेल्यांचा विसर पडला, मध्यंतराला पुढच्या भागाविषयी उत्सुकता होती की नुसताच चहा हवा होता, हे लक्षात ठेवले तर नंतर लिहायला ठोस काहीतरी हाताशी राहते. प्रेक्षागृहाची प्रतिक्रियाही टिपावी, पण ती स्वतःच्या प्रतिक्रियेत मिसळू देऊ नये. 'सगळे हसत होते, मला हसू आले नाही' ही दोन वेगळी निरीक्षणे आहेत आणि वाचणाऱ्याला दोन्ही हवी असतात.

त्याच रात्रीची नोंद

घरी आल्यावर झोपण्यापूर्वी पाच-सहा ओळींची नोंद करावी. वहीत करा, मोबाइलमध्ये करा, पण त्याच रात्री करा. दोन दिवस उलटले की मित्रांनी सांगितलेले, वर्तमानपत्रात वाचलेले आणि मुलाखतीत दिग्दर्शकाने समजावलेले असे सगळे आपल्या आठवणीत मिसळते, आणि मग स्वतःला काय वाटले होते हे स्वतःलाच सांगता येत नाही.

नोंदीच्या वरच्या ओळीत चित्रपटाचे नाव, पाहिल्याची तारीख, कोठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला, मूळ भाषेत की डब केलेला, उपशीर्षके होती का, आणि सलग पाहिला की तुकड्यांत, इतके यावे. हा तपशील कंटाळवाणा वाटतो म्हणून बहुतेक लोक गाळतात. माझ्या मते तो ताऱ्यांहून महत्त्वाचा आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१५) घ्या. एका लोकशाहिरावरील खटल्याची ही गोष्ट सांगताना कॅमेरा बराच वेळ लांब आणि स्थिर राहतो. चौकटीत अनेक माणसे असतात, आणि कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षकावर सोडलेले असते. मोठ्या पडद्यावर कोपऱ्यातला कारकून दिसतो, साक्षीदाराची चुळबुळ दिसते. हाच चित्रपट लोकलच्या गर्दीत मोबाइलवर, तीन दिवसांत तुकड्यातुकड्याने पाहिला तर त्यात काही घडतच नाही असे प्रामाणिकपणे वाटू शकते. तसे वाटण्यात गैर काही नाही, मात्र 'मोबाइलवर, तीन भागांत पाहिला' हे सांगितले नाही तर 'संथ आहे' या शेऱ्याचे वाचकाने काय करायचे? शिवाय या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा भाषा ऐकू येतात, आणि कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलते यातही पुष्कळ काही सांगितलेले आहे. डब केलेली आवृत्ती पाहणाऱ्यापर्यंत असे धागे पोहोचत नाहीत, म्हणून भाषेची नोंद हवी.

परदेशात राहणाऱ्या मराठी प्रेक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी उपशीर्षकांविषयी एखादे वाक्य जरूर लिहावे. घरातली मराठी न वाचणारी मुले किंवा अमराठी जोडीदार यांना बरोबर न्यायचे की नाही, हे त्या एका वाक्यावर ठरते, आणि ही माहिती इथे राहून लिहिणारे सहसा देत नाहीत.

वरच्या ओळीनंतर आठवणारे तीन क्षण लिहावेत. ते चांगलेच असले पाहिजेत असे नाही. रात्री तारे ठरवायचा मोह झाला तर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तपासावा. शेवटच्या वीस मिनिटांनी भारावून टाकलेल्या चित्रपटाला त्याच रात्री दिलेला आकडा दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा अर्ध्या ताऱ्याने खाली येतो, आणि शांतपणे संपलेल्या चित्रपटाचा कित्येकदा वर जातो.

स्वतःची मोजपट्टी

तारे देण्याची पद्धत बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या दैनिकात आयरीन थायरर यांनी १९२८ साली चित्रपटांना तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कमाल तीन तारे होते. पुढे कोणी चार केले, कोणी पाच, कोणी दहापैकी गुण. आज आपल्यासमोर येणारे आकडे निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले असतात, आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षक १ ते १० गुण देतात आणि तिथे दिसणारा आकडा ही साधी नव्हे तर भारित सरासरी असते, म्हणजे सगळ्या मतांना सारखे वजन नसते. लेटरबॉक्सड या चित्रपटप्रेमींच्या संकेतस्थळावर अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत अर्ध्या-अर्ध्याच्या दहा पायऱ्या आहेत. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्या दिवशी चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकांकडून 'ए प्लस' ते 'एफ' अशा श्रेणी घेते.

समीक्षकांची मते एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचा टक्का सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करतो. किती समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढेच तो सांगतो. चित्रपट किती आवडला हे सांगत नाही. समजा दहा समीक्षकांनी एका चित्रपटाला पाचपैकी तीन तारे दिले आणि दहाही जणांचे मत 'बरा आहे' असे अनुकूल धरले गेले, तर टक्का १०० येतो. दुसऱ्या चित्रपटाला पाच जणांनी पाच तारे आणि पाच जणांनी एक तारा दिला, तर टक्का ५० येतो, आणि ६०पेक्षा कमी टक्का म्हणून तो नापासांच्या यादीत जातो. सरासरी मात्र दोघांचीही तीनच आहे. पहिला चित्रपट कोणालाही दुखावणार नाही, पण कोणाच्या लक्षातही राहणार नाही. दुसरा पाहायला मी आधी जाईन. 'शंभर टक्के मिळाले आहेत' असे कोणी सांगितले की हे गणित आठवावे, आणि आपल्या मतात असा उसना आकडा पुरावा म्हणून देऊ नये.

आता स्वतःची पट्टी. ती आधी शब्दांत लिहावी, आकडे नंतर जोडावेत. उदाहरणार्थ, पाच तारे म्हणजे हा चित्रपट मी पुन्हा पाहणार आणि कोणी न विचारता लोकांना सांगणार. चार म्हणजे चित्रपटगृहात जाऊन पाहावा, उणिवा आहेत पण त्या आड येत नाहीत. तीन म्हणजे 'एकदा पाहायला हरकत नाही', घरी पाहिला तरी चालेल. दोन म्हणजे एखादी भूमिका किंवा काही प्रसंग चांगले, पण संपूर्ण चित्रपट मी कोणाला सुचवणार नाही. एक म्हणजे वेळ वाया गेला. तुमची व्याख्या वेगळी असेल तर ती वापरा, पण एकदा लिहिली की तिला धरून राहा आणि वाचणाऱ्यांना ती अधूनमधून सांगत चला. मग प्रत्येक ताऱ्यासमोर तुम्ही चांगला ओळखता असा एक-एक चित्रपट लिहून ठेवा. नवा चित्रपट पाहिल्यावर 'हा माझ्या तीन ताऱ्यांच्या चित्रपटाहून वर आहे का?' असे विचारले की उत्तर लवकर मिळते. नुसते 'साडेतीन की चार?' असे विचारत बसले तर मिळत नाही.

सुरुवातीच्या काळात एक दोष हमखास आढळतो : सगळे आकडे तीन ते चार यांच्यामध्ये अडकतात. दोन तारे देणे उद्धटपणाचे वाटते, पाच देणे भाबडेपणाचे. दर दोन-तीन महिन्यांनी आपले आकडे एका खाली एक लिहून पाहावेत. त्यांत एकही दोन किंवा एकही पाच नसेल तर पट्टीची दोन्ही टोके आपण वापरतच नाही, असे समजावे. आपण स्वतः निवडून चित्रपट पाहतो, म्हणून सरासरी थोडी वर राहणे स्वाभाविक आहे. पण मग चार ताऱ्यांना काही किंमत राहावी यासाठी तीन ताऱ्यांचा मोकळेपणाने वापर करावा लागतो.

हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटाला आणि गंभीर चित्रपटाला एकच पट्टी लावायची का, हा प्रश्न लवकरच पडतो. मी चित्रपटाने दिलेल्या शब्दाकडे पाहतो. जो चित्रपट दोन तास हसवण्याचा शब्द देतो आणि तो पाळतो, त्याला चार तारे द्यायला मला संकोच वाटत नाही. आणि सामाजिक प्रश्न हाती घेतला एवढ्यावरून कोणत्याही चित्रपटाला एकही जादा तारा मिळू नये असे मला वाटते. 'विषय चांगला आहे' हे दिग्दर्शकाच्या हेतूचे कौतुक झाले. तिकिटाचे पैसे वाचणारा देणार आहे, म्हणून त्याला चित्रपट कसा आहे ते सांगायला हवे.

काही चित्रपट एका आकड्यात बसत नाहीत. 'सैराट' (२०१६) हे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. करमाळ्याच्या परिसरातला, गाण्यांनी भरलेला पूर्वार्ध आणि हैदराबादमधला, गाणी मागे पडून संसाराचे कष्ट समोर येणारा उत्तरार्ध यांचा पोतच वेगळा आहे. कोणाला पहिला भाग आवडतो, कोणाला दुसरा, आणि हा बदल हेच चित्रपटाचे बळ आहे असे माझे मत आहे. अशा वेळी एक आकडा द्यावा, पण 'पूर्वार्धाच्या अपेक्षेने जाल तर उत्तरार्ध जड जाईल' असे शब्दांत सांगावे. सगळा भार आकड्यावर टाकू नये.

मत लिहिताना

एक नमुना घेऊ. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' अनेकांनी पाहिलेला आहे; २०१४ साली बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर हे पारितोषिक दिले आणि २०१५च्या जूनमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याच्याविषयी साधारणपणे असे लिहिले जाते :

'काल किल्ला पाहिला. अतिशय सुंदर चित्रपट. कॅमेरा अप्रतिम, कोकण डोळ्यांचे पारणे फेडते. सर्वांचा अभिनय लाजवाब. नक्की पाहा. ४.५/५.'

यात खोटे काही नाही, पण हेच वाक्य कोकणात चित्रित झालेल्या कोणत्याही चित्रपटाविषयी लिहिता येईल. चित्रपटाचे नाव काढून टाकल्यावर तो ओळखू येत नसेल तर मत पुन्हा लिहावे. आता दुसरा प्रयत्न :

'किल्ला. घरी, टीव्हीवर, सलग, दहा वर्षांच्या मुलीबरोबर पाहिला. वडील गेलेला एक शाळकरी मुलगा आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या लहान गावी येतो; नवी शाळा, नवे मित्र, आणि आईही नव्या कार्यालयात एकटी. मोठे नाट्य घडत नाही. पण पावसात किल्ल्यात मित्र मागे सोडून जातात तो प्रसंग पाहताना मुलगी सरकून जवळ आली, आणि मलाही त्या दगडी भिंतींचा एकटेपणा जाणवला. पार्थ भालेरावचा बंड्या वर्गात प्रत्येकाने पाहिलेला असतो, तसाच आहे. आईच्या कार्यालयातले प्रसंग मला अपुरे वाटले. अमृता सुभाष यांना आणखी वाव हवा होता. ज्यांना गोष्ट भराभर पुढे सरकायला हवी असते त्यांना कंटाळा येईल. लहानपणी बदलीमुळे शाळा बदललेल्यांनी चुकवू नये. ४/५.'

हे लेखन थोर नाही, पण कामाचे आहे. कोणत्या परिस्थितीत पाहिला ते पहिल्याच ओळीत कळते. कथेचा उंबरठा सांगितला आहे, पुढचे घर दाखवलेले नाही. आवडल्याचा पुरावा म्हणून एक प्रसंग आहे, तक्रारीलाही जागा दिली आहे, आणि शेवटी कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही हे दोन स्वतंत्र वाक्यांत सांगितले आहे. ही शेवटची दोन वाक्ये लिहिण्याचा कंटाळा कधीही करू नये. 'नक्की पाहा' हा सल्ला सर्वांना दिला की तो कोणालाच दिल्यासारखा होत नाही.

लांबीची चिंता करू नये. शंभर शब्द पुरतात. 'अप्रतिम', 'लाजवाब', 'डोक्यावरून गेला', 'पैसा वसूल' असे शब्द आले तर ते खोडण्याची गरज नाही, बोलण्याच्या ओघात ते येणारच. मात्र अशा प्रत्येक शब्दामागे 'म्हणजे काय?' असे विचारावे आणि उत्तर म्हणून निदान एक प्रसंग द्यावा. 'डोक्यावरून गेला' असे लिहिले असेल तर काळ पुढे-मागे जात होता म्हणून गेला, पात्रांची नावे लक्षात राहिली नाहीत म्हणून, की शेवटी नेमके काय झाले हे कळले नाही म्हणून, हे सांगावे. समजले नाही हे मोकळेपणाने लिहिणारा माणूस वाचणाऱ्यांना विश्वासार्ह वाटतो.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांचा विचार करून सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा उल्लेख करावा. मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांसाठी पूर्वी 'यूए' हा एकच गट होता. आता त्यात ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन उपगट आहेत. तरीही प्रमाणपत्र काय दाखवले आहे ते सांगत नाही, म्हणून 'शेवटच्या भागात रक्तपात आहे' किंवा 'आजारपणाची दृश्ये लहान मुलांना त्रासदायक होतील' असे वाक्य पालकांच्या उपयोगी पडते.

किती सांगावे

स्पॉइलरचा, म्हणजे कथेतले रहस्य आधीच फोडण्याचा, साधा नियम असा की पहिल्या अर्ध्या तासात कळणारे आणि ट्रेलरमध्ये दिसणारे सांगावे, त्यापुढचे राखून ठेवावे. पण नियमापेक्षा चित्रपटाची उत्सुकता कशात आहे हे ओळखणे महत्त्वाचे. 'श्वास' (२००४) या संदीप सावंत यांच्या चित्रपटात नातवाच्या डोळ्यांचा कर्करोग आणि त्यामुळे दृष्टी जाणार हे सांगितल्याने काही बिघडत नाही, कारण आजोबा हे सत्य कसे पेलतात हाच चित्रपट आहे. 'सैराट'चा शेवट मात्र आजही, इतक्या वर्षांनंतरही, न पाहिलेल्या माणसाला सांगू नये, आणि म्हणून मी तो इथेही सांगत नाही. 'शेवट धक्कादायक आहे' हेसुद्धा अर्धे सांगणेच झाले. ते वाचलेला माणूस मग सबंध चित्रपटभर धक्क्याची वाट पाहत राहतो. शेवटाविषयी बोलल्यावाचून मत पुरे होत नसेल तर ते वेगळ्या परिच्छेदात, ठळक सूचना देऊन लिहावे.

दोष कोणाचा, श्रेय कोणाचे

न आवडलेल्या गोष्टीचे खापर बहुधा अभिनेत्यावर किंवा दिग्दर्शकावर फुटते, कारण तीच नावे ठाऊक असतात. माणसे खऱ्यासारखी बोलत नसतील तर संवादांकडे पाहावे; प्रसंग चांगले असूनही उगाच लांबत असतील तर संकलनाकडे; एका प्रसंगातून दुसरा निघतच नसेल तर पटकथेकडे. प्रेक्षक म्हणून आपल्याला पडद्यामागचे नक्की कळत नाही, त्यामुळे खात्री नसेल तेव्हा व्यक्तीचे नाव न घेता 'मध्यंतरानंतरची वीस मिनिटे मला लांबली' एवढेच लिहिणे अधिक न्याय्य ठरते. कौतुक करताना मात्र श्रेयनामावली पाहून नाव लिहावे. ध्वनिआरेखन करणाऱ्याचे किंवा वेशभूषाकाराचे नाव एखाद्या सामान्य प्रेक्षकाने घेणे किती दुर्मीळ असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

एका गोष्टीबाबत मी आग्रही आहे. ग्रामीण किंवा विशिष्ट समाजाची बोली बोलणाऱ्या पात्रांची भाषा 'अशुद्ध' आहे असा शेरा मतात येता कामा नये. 'फँड्री' (२०१४) किंवा 'सैराट'मधली माणसे जशी बोलतात तशी त्या भागातली माणसे बोलतात, आणि ती बोली पडद्यावर जशीच्या तशी येणे ही मराठी चित्रपटाने मिळवलेली गोष्ट आहे. पात्र ज्या गावचे आहे तिथली बोली अभिनेत्याला साधली नसेल तर ती तक्रार रास्त आहे. तसेच कलाकाराचा रंग, शरीर आणि वय यांवर शेरे मारणे म्हणजे चित्रपटाविषयी काहीही न सांगणे.

आकडा कधी देऊ नये

चित्रपट पाहिलेला नसताना तारे देऊ नयेत, मग त्यातल्या कलाकाराच्या विधानाचा कितीही राग आलेला असो. वादग्रस्त चित्रपटांवर प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीच एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दहा गुणांचा पाऊस पडतो, आणि त्या आकड्यांतून चित्रपटाविषयी काहीच कळत नाही. अर्धवट सोडलेल्या चित्रपटालाही आकडा देऊ नये. 'चाळीस मिनिटांनी बंद केला, कारण हे' असे लिहावे, ते पुरेसे बोलके असते. ओळखीच्या माणसाने काम केले असेल किंवा तिकीट फुकट मिळाले असेल तर ते पहिल्या ओळीतच सांगून टाकावे. अशा वेळी मी स्वतः आकडा देत नाही.

चित्रपट महोत्सवांत वेगळी अडचण येते. गोव्याच्या इफ्फीत किंवा पुण्याच्या पिफमध्ये दिवसाला चार चित्रपट पाहणाऱ्याचे शेवटच्या चित्रपटाविषयीचे मत बव्हंशी थकव्याचे असते. तिथे दोन खेळांच्या मधल्या वेळेत तीन क्षणांची नोंद तेवढी करावी आणि तारे घरी परतल्यावर द्यावेत.

मत पटले नाही असे कोणी सांगितले

चर्चेत आपला आकडा राखण्याचा प्रयत्न करू नये, प्रसंगाकडे वळावे. 'तुम्हाला किल्ल्यातला प्रसंग कसा वाटला?' असे विचारले की बोलणे पुढे सरकते; 'तुम्हाला चित्रपट कळलाच नाही' म्हटले की थांबते. वयाने किंवा अभ्यासाने मोठ्या माणसासमोर आपले मत लगेच मागे घेऊ नये आणि लहानाचे झटकून टाकू नये. 'आजी, तुम्हाला काय खटकले?' असे घरात विचारून पाहावे. ज्यांनी पाच-सहा दशके चित्रपट पाहिले आहेत त्यांना तारे देता येत नसतील, पण कोणता प्रसंग खोटा वाटला ते त्या बरोबर सांगतात. चर्चेची सवय लावून घ्यायची असेल तर चित्रपट मंडळांसारखी जागा नाही. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८पासून हेच काम करत आले आहे, आणि अधिक शिकावेसे वाटले तर पुण्यात एफटीआयआय ही चित्रपट प्रशिक्षण संस्था आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्यातर्फे होणारा रसास्वाद अभ्यासक्रम सामान्य प्रेक्षकालाही करता येतो.

चर्चेनंतर मत बदलले तर जुने खोडू नये. त्याखाली नवी तारीख घालून काय बदलले आणि कशामुळे, ते लिहावे. चित्रपट पुन्हा पाहिला तर ती नवी नोंद समजावी : नवे ठिकाण, नवी सोबत, नवे तीन क्षण आणि, जुना आकडा न पाहता, नवा आकडा. दोन्ही नोंदी नंतर शेजारी ठेवून वाचाव्यात. आकड्यांत एका ताऱ्याहून अधिक फरक दिसला तर ताऱ्यांसमोर लिहून ठेवलेले आपले मापाचे चित्रपटही एकदा पुन्हा पाहून घ्यावेत आणि गरज पडल्यास बदलावेत.